‘बोलता येतं, मग लिहीत का नाही?’ : एका शाळेतल्या विविधता-प्रशिक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाचवी ते दहावीपर्यंतच्या एका शाळेचं आहे. शाळेची, गावाची, भाषांची आणि समाजांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. पहिलं प्रशिक्षण फसल्यावर शाळेने सल्ल्यासाठी मला बोलावलं. त्याआधीचं जे इथे सांगते ते शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी आणि पालकांशी झालेल्या बोलण्यातून आणि शाळेच्या नोंदवह्यांतून कळलेलं आहे.

काही वर्षांत या शाळेचा पट बदलला होता. कामासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशांतून आलेल्या कुटुंबांची मुलं वाढली आणि खालच्या वर्गांत जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांचा झाला. शिक्षकवर्ग जुनाच राहिला. नव्याने आलेल्यांपैकी एकच तरुण शिक्षिका नोकरीत होत्या, त्याही तात्पुरत्या नेमणुकीवर.

शाळेत एक पूरक वर्ग होता. अभ्यासात मागे पडलेल्यांना शेवटच्या दोन तासांना तिथे पाठवत. याच तासांना इतरांचे खेळ, चित्रकला आणि विज्ञानाचे प्रयोग चालत. हळूहळू त्या वर्गात बहुतेक बाहेरून आलेलीच मुलं दिसू लागली. असं व्हावं म्हणून कुणी ठरवलं नव्हतं. प्रत्येक शिक्षकाने आपापल्या वर्गातून दोन-चार नावं दिली होती आणि सगळी नावं एकत्र कुणीच पाहिली नव्हती.

ठिणगी

सातवीतल्या एका मुलाने इतिहासाचा पेपर अर्धा कोरा दिला. पेपर परत देताना सर वर्गासमोर म्हणाले, “मैदानावर तोंड चालतं, पेपरात हात चालत नाही. तुमच्याकडच्यांना शिकायचंच नसतं.”

दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. कार्यालयातून त्यांना अर्ज शाळेच्या भाषेत लिहून आणायला सांगण्यात आलं. तो लिहिता येईना, म्हणून मुख्याध्यापिकांनी त्यांना आत बोलावलं. दुभाषा म्हणून त्याच मुलाला वर्गातून बोलावण्यात आलं. आपला झालेला अपमान, वडिलांचा संताप आणि मुख्याध्यापिकांची सारवासारव, हे सगळं त्या मुलाने स्वतःच्या तोंडाने दोन्हीकडे पोचवलं. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट हीच आहे. सरांचं वाक्य रागाच्या भरात निसटलं असेल. दुभाषा म्हणून मुलाला उभं करणं हा शांतपणे घेतलेला निर्णय होता, आणि त्यात काही गैर आहे असं त्या खोलीत कुणालाच वाटलं नाही.

वडिलांनी कुणाकडून तरी लिहून घेऊन संस्थेकडे तक्रार केली. संस्थेने लगेच आदेश काढला: सर्व शिक्षकांनी विविधता-प्रशिक्षण (वेगळ्या भाषा-समाजांच्या माणसांशी भेदभाव न करता कसं वागावं याचं शिक्षण) घ्यावं, हजेरी सक्तीची.

पहिलं प्रशिक्षण

एका शनिवारी दिवसभर प्रशिक्षण झालं. प्रशिक्षक कंपन्यांमध्ये अशा कार्यशाळा घेणारे होते. शाळा, वर्ग, मुलं यांचा त्यांना फारसा अनुभव नव्हता आणि पूरक वर्गाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलंही नव्हतं. सकाळी पूर्वग्रहांवर व्याख्यान झालं. दुपारी सगळ्यांना एका रेषेवर उभं करून आयुष्यात मिळालेल्या सोयी-संधींबद्दल प्रश्न विचारले गेले आणि ‘हो’ असेल त्याने एक पाऊल पुढे यायचं असं ठरलं. शेवटी मागे एकट्या त्या तरुण बाई उरल्या. प्रशिक्षकांनी त्यांना विचारलं, “तुमच्या समाजाला काय वाटतं, ते यांना सांगा.” बाईंनी दोन वाक्यं बोलून विषय संपवला. नंतर एका ‘काल्पनिक’ उदाहरणात इतिहासाच्या पेपराचा प्रसंग आला आणि इतिहासाचे सर उठून बाहेर गेले.

दिवसाच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायात बहुतेकांनी कार्यक्रम ‘चांगला’ असल्याचं लिहिलं होतं. सोमवारी मात्र स्टाफरूममध्ये दोन तट पडलेले होते. तरुण बाई मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसू लागल्या.

असं प्रशिक्षण अनेक ठिकाणी असंच फसतं. अमेरिकेतल्या ८००हून अधिक कंपन्यांच्या तीन दशकांच्या नोंदी तपासून फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. व्यवस्थापकांना सक्तीचं विविधता-प्रशिक्षण दिलेल्या कंपन्यांत पाच वर्षांनंतर व्यवस्थापक-पदांवरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण सरासरी ९ टक्क्यांनी घटलेलं होतं. स्वेच्छेने घेतलेल्या प्रशिक्षणाचे परिणाम पुष्कळ बरे होते. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की माणूस ऐकण्याआधी स्वतःचा बचाव करू लागतो. या शाळेत नेमकं तेच झालं.

प्रश्न नेमका कोणता

मला पहिल्याच बैठकीत विचारण्यात आलं, “आमच्या शिक्षकांची वृत्ती कशी बदलायची?” मी त्याऐवजी मागच्या तीन वर्षांच्या पूरक वर्गाच्या याद्या आणि शिस्तीची नोंदवही मागितली. वृत्ती दिसत नाही, नोंदी दिसतात.

यादीत प्रत्येक नावापुढे शिफारशीचं कारण होतं. बाहेरून आलेल्या मुलांच्या नावापुढे पुन्हा पुन्हा एकाच धाटणीचा शेरा होता: ‘आळस’, ‘लक्ष नाही’, ‘भाषा येते पण लिहीत नाही’. बहुतेकांची शिफारस पहिल्या घटक चाचणीनंतर लगेच झालेली होती.

कॅनडातले भाषाशिक्षण-अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक भेद मांडला, तो इथे चपखल लागू पडतो. रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या वेगळ्या असतात. नव्या भाषेच्या शाळेत आलेलं मूल साधारण दोन वर्षांत खेळताना, भांडताना, गप्पा मारताना सराईत वाटू लागतं. ‘कारणे द्या’, ‘तुलना करा’, ‘यावरून काय अनुमान निघते’ अशा प्रश्नांची उत्तरं लिहिण्याइतकी भाषा हाताशी यायला पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात ते मूल शिक्षकाला सफाईने बोलताना ऐकू येतं आणि वही मात्र कोरी दिसते. तिथून ‘येतं, पण करत नाही’ हा निष्कर्ष अगदी सरळ निघतो. तो चुकीचा असतो. मूल करत नाही असं नसतं, त्याला अजून ते जमत नसतं.

इतिहासाच्या सरांचं वाक्य मला तेव्हा वेगळं ऐकू आलं. ‘मैदानावर तोंड चालतं, पेपरात हात चालत नाही’ हे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. त्यातून काढलेला अर्थ साफ चुकलेला होता. त्याला जोडलेलं ‘तुमच्याकडच्यांना’ हे मात्र गैरसमजाच्या खात्यात घालून सोडून देण्यासारखं नव्हतं. सगळं काही अज्ञानातून झालं, द्वेष कुणाच्याच मनात नाही, ही मांडणी शाळेला सोयीची होती आणि बैठकीत ती दोनदा पुढे आली. मी ती मान्य केली नाही. शिस्तीच्या नोंदवहीत एकाच प्रकारच्या भांडणात जुन्या कुटुंबातल्या मुलापुढे ‘समज दिली’ आणि नव्या मुलापुढे ‘पालकांना बोलावले’ असे शेरे होते. हे भाषेच्या गैरसमजातून होत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

संस्थेचा कल सरांवर कारवाई करून प्रकरण मिटवण्याकडे होता. काही शिक्षकांचं म्हणणं उलट होतं: सरांची तीस वर्षांची नोकरी आहे, एका वाक्यावरून त्यांना बळी देऊ नका. मुख्याध्यापिकांनी इथे जो निर्णय घेतला तो मला या सगळ्यातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यांनी जबाबदारी आणि प्रशिक्षण या दोन वाटा पूर्णपणे वेगळ्या केल्या. वर्गासमोर केलेल्या विधानाबद्दल सरांना नियमाप्रमाणे लेखी खुलासा मागितला आणि ताकीद दिली. ते त्यांच्या दोघांत राहिलं. प्रशिक्षणात तो प्रसंग पुन्हा उदाहरण म्हणून येणार नाही, असंही ठरलं. शिक्षा म्हणून शिकवलेलं कुणी शिकत नाही, आणि शिक्षण दिलं म्हणून जाब विचारायचा राहू नये.

दुसरा पर्याय संस्कृती-दिनाचा होता. पोशाख, गाणी, खाऊ, फोटो. उत्साह खूप होता. बहुसांस्कृतिक शिक्षणाचे अभ्यासक जेम्स बँक्स यांनी अभ्यासक्रमात विविधता आणण्याचे चार स्तर सांगितले आहेत. त्यात सण आणि थोर व्यक्तींची ओळख हा सर्वांत खालचा स्तर आहे, कारण मूळ अभ्यासक्रम आणि तो पाहण्याची दृष्टी तशीच राहते. कार्यक्रमाला माझा विरोध नव्हता. पण दुपारी टाळ्या घेतलेली मुलं दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन तासांना त्याच पूरक वर्गात जाऊन बसणार होती. तो पर्याय पुढच्या वर्षावर ढकलला.

नव्या मुलांची वेगळी तुकडी करावी, असंही एकाने सुचवलं. भाषेसाठी जास्त वेळ मिळेल हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण अभ्यासाची भाषा ही ती भाषा बोलणाऱ्या वर्गसोबत्यांबरोबर अभ्यास करताना जास्त चांगली येते. हा पर्याय पटकन बाजूला पडला.

सर्वांत जास्त वाद नव्या प्रशिक्षणाच्या सक्तीवर झाला. स्वेच्छेवर सोडलं तर ज्यांना गरज आहे तेच येणार नाहीत, असं पर्यवेक्षकांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. शेवटी मधला मार्ग निघाला. शिक्षकांनी एकमेकांचे तास पाहून शिकण्याचा अभ्यासगट ऐच्छिक ठेवायचा, पण कार्यपद्धती सगळ्यांना बंधनकारक. पूरक वर्गाची शिफारस कशी करायची, पालकांशी कसं बोलायचं, नोंद कशी लिहायची, हे शाळेचे नियम झाले. त्यासाठी कुणाचं मन आधी बदलावं लागत नाही.

प्रत्यक्षात काय केलं

सुरुवात कार्यालयापासून केली. हजेरीपटावर अनेक मुलांची नावं चुकीची लिहिलेली होती आणि तीच चुकीची नावं वर्गात पुकारली जात होती. लिपिकांनी प्रत्येक घरून नावाचा उच्चार समजून घेऊन पट दुरुस्त केला. विविधतेवरच्या प्रशिक्षणातून कार्यालयीन कर्मचारी बरेचदा वगळले जातात. शाळा असो वा कंपनी, बाहेरून येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तेच भेटतात.

मुलांना दुभाषा करायचं नाही, असा नियम झाला. पालकभेटीसाठी दोन पालक आणि तरुण बाई यांची नावं पुढे आली. इथे मी आग्रहाने एक अट घातली: बाईंना हे काम नाकारता आलं पाहिजे, आणि त्या करणार असतील तर तेवढे तास त्यांच्या कामात धरले जावेत. आपल्या समाजाचा एकुलता एक माणूस नोकरीवर असला की भाषांतर, समजावणी, तक्रारी, सगळं आपोआप त्याच्या गळ्यात पडतं आणि त्याचा हिशेब कुठेच लागत नाही. बाईंनी आठवड्यातले दोन तास मान्य केले. समाजाच्या वतीने मत सांगण्याचं काम मात्र त्यांनी स्वच्छ नाकारलं, आणि ते सगळ्यांनी ऐकून घेतलं.

पूरक वर्गाच्या शिफारशीला दोन सह्या लागू लागल्या. लेखी चाचणीत मागे पडलेल्या मुलाला तोच प्रश्न तोंडी, हव्या त्या भाषेत किंवा आकृती काढून सोडवू द्यायचा आणि दुसऱ्या शिक्षकाने ते पाहायचं. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलेला अनुभव बोलका आहे. एका मुलीने पेपरात बाष्पीभवनाचं उत्तर कोरं सोडलं होतं. तिने ते चित्रात काढून दाखवलं, आणि ते वर्गातल्या बहुतेक लेखी उत्तरांपेक्षा नेमकं होतं. तिला विज्ञान येत होतं. तिला ‘परिणामी’ आणि ‘त्यामुळे’ यांनी वाक्यं जोडता येत नव्हती. मदत तिथे हवी होती, आणि ती विज्ञानाच्याच तासाला देता येत होती.

ऐच्छिक अभ्यासगटात सुरुवातीला शिक्षकांपैकी जेमतेम निम्मे आले. ते एकमेकांच्या तासाला मागे बसून दोनच गोष्टी टिपत: प्रश्न कुणाला विचारला गेला, आणि उत्तरासाठी किती वेळ दिला. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्ग ध्वनिमुद्रित करून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलू लागतात. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या मुलाला ते दोन सेकंद फार मोठे असतात. या पद्धतीत कुणाच्या मनात काय आहे याची चर्चा करावी लागत नव्हती. म्हणूनच, मला वाटतं, शिक्षक एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागले.

एक प्रयोग आधी चांगलाच अंगाशी आला. वर्गातली दरी कमी व्हावी म्हणून सहावीत ‘जिगसॉ’ पद्धत घेतली. समाजमानसशास्त्रज्ञ इलियट एरन्सन आणि सहकाऱ्यांनी ती १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली, तेव्हा तिथे वर्णभेद मिटवून शाळा एकत्र करण्याच्या प्रक्रियेत मोठा तणाव होता. गटातल्या प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकच भाग असतो आणि तो त्याने इतरांना शिकवायचा असतो, त्यामुळे एकमेकांवाचून कुणाचंच भागत नाही. आपल्या शाळेतल्या पहिल्या तासाला एक मुलगा आपला भाग सांगताना अडखळला, गटातली मुलं वैतागली आणि “याच्यामुळे आपले गुण जाणार” असं त्याला ऐकावं लागलं. शिक्षिका पद्धतच सोडून द्यायला निघाल्या होत्या. चूक पद्धतीची नव्हती. वेळ वाचवण्यासाठी मधली एक पायरी गाळली गेली होती: एकच भाग असलेल्या सगळ्या गटांतल्या मुलांनी आधी एकत्र बसून त्याची तयारी करायची असते. ती पायरी परत घेतल्यावर तोच मुलगा तयारीनिशी बोलला. पूर्वग्रहांचे अभ्यासक गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच बजावलं होतं की माणसं नुसती जवळ आणून दुरावा जात नाही. समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. तयारीची पायरी गाळली की समान दर्जाच निघून जातो.

परिणाम

वर्षअखेरीस पूरक वर्गाच्या नव्या शिफारशी लक्षणीय घटल्या, आणि ज्या झाल्या त्यांत जुन्या-नव्या मुलांची सरमिसळ दिसू लागली. तो वर्ग शेवटच्या दोन तासांवरून हलवल्यामुळे खेळ आणि प्रयोग सगळ्यांना मिळाले. पालकसभेला येणाऱ्या नव्या पालकांची संख्या वाढली. सभेची वेळ संध्याकाळी नेली, हेही त्याचं एक मोठं कारण होतं.

चाचण्यांचे गुण फारसे हलले नाहीत. अभ्यासाची भाषा एका वर्षात येत नाही हे आधीच ठाऊक होतं, तरी संस्थेची निराशा झाली.

शिस्तीच्या नोंदी खूप कमी झाल्या, पण याला मी यश म्हणायला तयार नाही. मुलांशी वागणं बदललं म्हणून त्या घटल्या, की आता नोंदी तपासल्या जातात हे कळल्यामुळे लिहिणंच थांबलं, हे त्या आकड्यांतून सांगता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांमध्ये ओकोनोफुआ, पाउनेस्कू आणि वॉल्टन यांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गणिताच्या शिक्षकांना, विद्यार्थी असं का वागतो हे समजून घेऊन शिस्त कशी लावायची, यावर वाचन-लेखनाचे छोटे सराव दिले होते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी वर्षभरात निलंबित झालेले ४.८ टक्के होते, इतरांच्या विद्यार्थ्यांत ९.६ टक्के. त्या प्रयोगात तुलनेला दुसरा गट होता आणि निलंबन कोणत्याही शिक्षकाच्या तासाला झालं तरी मोजलं गेलं होतं. या शाळेत तसं काहीच ठेवलेलं नव्हतं.

इतिहासाचे सर अभ्यासगटात आले नाहीत. त्यांच्या पेपरांत मात्र वर्षाच्या उत्तरार्धात प्रश्नाखाली कठीण शब्दांचे अर्थ छापलेले दिसू लागले. ज्या मुलामुळे हे सगळं सुरू झालं, त्याच्या वडिलांनी त्याला सत्र संपायच्या आतच दुसऱ्या शाळेत घातलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

तक्रार आल्यापासून प्रशिक्षण होईपर्यंतच्या काळात शाळेने त्या कुटुंबाला काहीच कळवलं नव्हतं. संस्थेच्या दृष्टीने प्रशिक्षण हेच उत्तर होतं. वडिलांच्या दृष्टीने त्यांच्या तक्रारीला उत्तरच मिळालं नव्हतं. त्या आठवड्यात दुभाषा घेऊन, मुलाला बाजूला ठेवून त्यांच्याशी एक भेट झाली असती आणि सरांनी वर्गात वापरलेले शब्द वर्गासमोरच मागे घेतले असते, तर तो मुलगा कदाचित शाळेत राहिला असता. घाईने प्रशिक्षण लावणाऱ्या कंपन्यांनाही मी हेच सांगते: आधी ज्याला लागलं आहे त्याच्याकडे जा.

नोंदी प्रशिक्षणाच्या आधी पाहायला हव्या होत्या. पूरक वर्गाची यादी शनिवारच्या कार्यशाळेआधी कुणी एकत्र वाचली असती तर प्रशिक्षकांना वेगळं काम देता आलं असतं. रेषेचा खेळ तर ज्या ठिकाणी एका गटातला एकच माणूस आहे तिथे घेऊच नये. त्यात शिकतात बाकीचे आणि त्याची किंमत मोजतो तो एकटा.

मुलांना कुणीच काही विचारलं नाही, ही उणीव दुसऱ्या टप्प्यातही राहिली. वर्गात मागे बसून शिक्षकांनी मुलांकडे पाहिलं, पण मुलांना काय दिसतं हे विचारलं नाही. सातवीच्या काही मुलांनी नंतर सांगितलं की त्यांना शिक्षकांच्या बोलण्यापेक्षा बाकावर शेजारी कोण बसतं, आणि उठून जातं, याचा जास्त त्रास होत होता. बसण्याच्या जागांकडे शाळेने वर्षभर लक्षच दिलं नव्हतं.

नववी-दहावीच्या शिक्षकांना दोन सह्यांची पद्धत नको आहे. परीक्षा तोंडावर असताना तोंडी तपासणीला वेळ कुठून आणायचा, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. पण त्या वर्गांत येऊन पोचलेली बरीच नवी मुलं अजून कमिन्स सांगतात त्या पाच ते सात वर्षांच्या आतच आहेत. दुभाषांचे तास संस्थेने एकाच वर्षासाठी मंजूर केले होते. या दोन्ही गोष्टींचा निर्णय येत्या सत्राच्या आधी व्हायचा आहे, आणि त्या बैठकीला या वेळी दोन नव्या पालकांना सदस्य म्हणून बोलावलं आहे.